बेडा, तांडा, पोड: 'गावात' राहतो पण 'बेड्यावर' राहतो, असं का?

खेड्यातला मास्तर
शाळेसाठी वस्त्यांच्या नावांचा तक्ता करतो आहे. यवतमाळ जिल्ह्यात नुसतं 'वस्ती' म्हणून भागत नाही. बंजारा राहतात तो तांडा, कोलाम राहतात ते पोड, फासेपारधी राहतात तो बेडा. पलीकडे जिवतीच्या डोंगरात गुडा, मेळघाटात ढाणा, गोंदियाकडे टोला. शब्दकोशाच्या हिशेबाने अर्थ जवळपास एकच: चार घरं एकत्र.

मुलांना या शब्दांची वाक्यं करायला सांगितली आणि दोन गोष्टी खटकल्या. 'रमेश गावात राहतो' असं लिहिणारं पोरगं पुढच्याच ओळीत 'सुरेश बेड्यावर राहतो' लिहितं. 'बेड्यात' कोणीच लिहीत नाही. दुसरी गोष्ट जास्त लागली. तांड्याच्या वाक्यांत होळी आली, लेंगी (बंजाऱ्यांची होळीची गाणी) आली, एकाने वसंतराव नाईक आणले. बेड्याच्या वाक्यांत पोलीस आले, चोरी आली, नाहीतर 'रात्री तिकडून जाऊ नये' आलं. दहा-अकरा वर्षांची मुलं आहेत. बेडा या शब्दाच्या मुळातच काही वाईट आहे का? आणि हा 'वर' कुठून आला?

आर्वीकर
'वर'चं सोपं आहे. शेतावर, मळ्यावर, धरणावर, स्टेशनवर, कामावर. जिथे माणूस जातो, थांबतो, राबतो, पण ज्याला त्याचं कायमचं ठिकाण मानत नाहीत, तिथे मराठी 'वर' लावते. पाल टाकून राहणारा पालावर. तांडा म्हणजे मुळात बैलांवर माल लादून चाललेला काफिला, म्हणून तांड्यावर. माणसं एका जागी बसली, शाळा आली, अंगणवाडी आली, पण प्रत्यय बसला नाही.

प्रवरेकाठी
प्रत्ययात एवढं शोधायची गरज नाही असं वाटतं. आमच्या नगरकडे चांगला बागायतदार माणूसही 'आम्ही वस्तीवर राहतो' म्हणतो. दारात दोन ट्रॅक्टर असतात. त्यात कसला आलाय कमीपणा?

खेड्यातला मास्तर
दादा, तुमच्या वस्तीवरच्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि गावात त्याचा जुना वाडाही आहे. तो 'वर' राहतो तो हौसेनं किंवा सोयीनं. इकडे बेडा बहुतेक वेळा ई-क्लासवर असतो. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: ई-क्लास म्हणजे गुरं चरायला राखलेली सरकारी जमीन.) जमीन नावावर नाही म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घराची धड नोंद नाही, नोंद नाही म्हणून घरकुल अडतं, घरकुल अडतं म्हणून पिढ्यान्पिढ्या ताटवा आणि ताडपत्री. मग गाव म्हणतं, 'यायचं काय, आज इथं, उद्या तिथं.' तुमचा 'वर' आणि यांचा 'वर' दिसायला एकच, एवढंच.

पऱ्हाटी
सर, तुमच्या पोट्ट्यायनं काही नवीन नाई लिवलं. ते घरी आयकतेत तेच लिवतेत. आमच्याइकडं कोनाच्या वावरातलं मोटारीचं केबल गेलं का पयलं नाव बेड्याचं. मंग कधी सापडते का थे केबल गावातल्याच एका पोट्ट्यानं भंगारात इकलं. तवा कोनी म्हनत नाई का 'आपलं गावच चोट्टं हाये'. तवा म्हनते, 'त्याले संगत वाईट लागली.'

अन् आनखी एक. चोरबीटीचं, म्हंजे बिनपरवान्याच्या बीटी कापसाचं, बियानं इकून दरसाल लोकायले बुडवनारे आहेत. पकडले गेले तं पेपरात येते. पन थो मानूस कोन्या कॉलनीत रायते, अन् थे कॉलनी कशी बदनाम हाये, हे कधी वाचलं का कोनी?

सहज वाचक
बेडा हा शब्द 'बेड्या'वरूनच आला असणार ना? हातात बेड्या पडलेल्यांची वस्ती.

आर्वीकर
नाही. बेडी स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन बेड्या. बेडा पुल्लिंगी, अनेकवचन बेडे, आणि प्रत्यय लागताना त्याचं रूप होतं बेड्या-. 'बेड्यावर धाड, तिघांना बेड्या' असं छापलं की डोळ्याला दोन्ही एकच दिसतात आणि वाचणाऱ्याच्या मनात गाठ बसते. गाठ छापखान्यातली आहे, शब्दाच्या कुळातली नाही.

कुळच पाहायचं तर 'पारध'चं पाहा. संस्कृत कोशांत शिकारीला 'पापर्द्धि' असा एक शब्द आहे, पाप अधिक ऋद्धि, म्हणजे पापाची भरभराट. प्राकृतात तो 'पारद्धि' होतो, हेमचंद्राने त्यासाठी खास सूत्र दिलं आहे, आणि तिथून आपली पारध. म्हणजे तितर-बटेर धरून पोट भरणाऱ्याच्या धंद्याच्या नावातच पंडितांनी पाप वाचून ठेवलेलं. राजे शिकारीला जात तेव्हा तिला मृगया म्हणत, तिच्यावर काव्यं होत. फासेपारधी हे नाव फास्यांवरून, पक्षी धरायच्या फासांवरून. त्याचा फाशीशी संबंध जोडणारेही मला भेटलेले आहेत.

पऱ्हाटी
काका, 'भामटा' सांगा ना यायले.

आर्वीकर
तो तर रोजच्या पेपरात आहे. 'एटीएममध्ये मदतीच्या बहाण्याने भामट्याने गंडा घातला.' लिहिणाऱ्याच्या मनात जात नसते, मान्य. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आहे, राजपूत भामटा आहे, बेरड आहे. 'बेरड झालाय नुसता' म्हणून आपण पोराला झापतो. त्या यादीतल्या जातीचं पोर वर्गात बसलेलं असेल तर त्याला काय ऐकू येत असेल? लबाडाला ठक म्हणा, लुच्चा म्हणा, लफंगा म्हणा. मराठीत शिव्यांचा दुष्काळ नाही.

या याद्या होण्याआधी दुसरी यादी होती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस गुन्हा केल्याने नव्हे, जन्माने गुन्हेगार ठरवला. नोंद, हजेरी, हद्द ओलांडायला परवाना. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, म्हणून त्या तारखेला विमुक्त दिन पाळतात. पण 1959 साली मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांसाठीचा कायदा आला, तेव्हा विदर्भ त्याच राज्यात होता. कागदावरचा शब्द बदलला. गस्तीची वाट बदलली का, ते बेड्यावरच्या लोकांना विचारा.

वरूडची लेक
विषय थोडा लांब नेते, पण जुळतो. मी अमेरिकेत ट्रॉयला राहते, डेट्रॉइटच्या बाहेर. आपले बरेच मराठी लोक गावी फोनवर सांगतात, 'आम्ही डेट्रॉइटला असतो.' खुद्द डेट्रॉइटात घर कोणाचं? विचारू नका. एट माइल रोड ही त्या शहराची उत्तरेची हद्द. 'एट माइलच्या खाली कशाला जायचं' हे वाक्य मी इथे आल्यावर पहिल्यांदा ऐकलं ते गोऱ्यांकडून नाही, आपल्याच एका काकूंकडून.

शहर बहुसंख्य काळ्या लोकांचं आहे. 1950 साली साडेअठरा लाख वस्ती होती, 2020 च्या जनगणनेत 6 लाख 39 हजारांच्या आसपास उरली. मोटारींचे कारखाने गेले हे कारण सगळे सांगतात, ते खरंच आहे. दुसरं कारण कमी सांगतात. 1930 च्या दशकात सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहराशहरांचे नकाशे काढले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या: इथे कर्ज देणं धोक्याचं. 1941 साली एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी काळ्यांची वस्ती, म्हणून सरकारी हमी मिळेना. त्याने मध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली आणि मग हमी मिळाली. भिंत अजून उभी आहे, मी पाहून आले. आता तिच्यावर चित्रं काढलीत. मास्तरांचं नमुना आठचं वाचलं आणि तीच आठवली. आधी कर्ज नाही, मग घर दुरुस्त होत नाही, मग लोक फोटो काढून म्हणतात, 'बघा कसं शहर आहे.'

शब्दाची गंमत अशी की तिथे ब्लॅक बॉटम नावाचा मोहल्ला होता. सगळ्यांना वाटतं काळे लोक राहायचे म्हणून ब्लॅक. नाव जुन्या फ्रेंच शेतकऱ्यांच्या वेळचं, तिथल्या काळ्याभोर सुपीक मातीवरून पडलेलं. काळे लोक तिथे फार नंतर आले. पुढे सुधारणेच्या आणि महामार्गाच्या नावाखाली तो मोहल्ला पाडून टाकला.

पऱ्हाटी
म्हंजे आपली काळी-पांढरीच ना ताई. वावर थे काळी, वस्ती थे पांढरी. तिकडं काळीचं नाव मानसायच्या कातडीवर नेऊन चिकटवलं.

प्रवरेकाठी
ताई, तुलना पटते, पण काकूंना दोष का द्यायचा? रात्री-अपरात्री बाईमाणसाने जपून राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं असेल. गुन्हे तिथे होतच नाहीत असं थोडंच आहे?

वरूडची लेक
होतात की. दादा, मी पण रात्री जपूनच राहते, नागपुरातही आणि इथेही. पण काकूंनी मला रस्ता सांगितला नाही, वेळ सांगितली नाही, अख्खं शहर सांगितलं. आणि इथल्या बातम्यांत 'इनर सिटी' म्हणतात ना, त्याचा अर्थ शहराचा आतला भाग एवढाच असायला हवा. ऐकणाऱ्याला गरीब काळ्यांची वस्ती असंच कळतं. बोलणाऱ्याला जात काढल्याचं पाप नाही, ऐकणाऱ्याला जात कळल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे पुण्यात खोली बघताना 'नाही म्हणजे, मूळ गाव कुठलं? आडनाव काय म्हणालात?' असं विचारतात, ते वेगळं काय आहे?

सहज वाचक
आपल्यालाही 'आत्महत्याग्रस्त' म्हणतातच की. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजात सहा जिल्हे होते, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा. तेव्हापासून सोयरिकीला मुंबईकडचे लोक आधी तेच विचारतात. 'ग्रस्त' म्हणजे ग्रहणाने गिळलेला. अख्खा जिल्हाच गिळलेला.

पऱ्हाटी
बरोबर हाये. अन् थोच मानूस, ज्याले 'ग्रस्त' म्हनलं का राग येते, थो चहाच्या टपरीवर बसून बेड्यायबद्दल काय बोलते थे मी रोज आयकतो.

तितर
इतका वेळ वाचत होतो. माझा जन्म बेड्यावरचा, अमरावती जिल्हा. बेडा शब्द आम्हाला लागत नाही, आम्ही घरी तोच म्हणतो. लागतो तो 'बेड्यावरचा'. माझ्या वर्गात कोणी 'बोरगावचा', कोणी 'टाकळीचा', आणि मी 'बेड्यावरचा'. बेडा ज्या गावाला लागून आहे त्या गावाचंही नाव मला मिळत नव्हतं. मतदानाच्या यादीत मात्र गाव बरोबर असतं.

2020 च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर वगैरे ठेवा म्हणून. चांगलं आहे, कोणाला नको? पण नगराला नाव मिळालं म्हणून पाण्याची टाकी येत नाही. मला विचाराल तर नाव राहू द्या, जागा नावावर करा. आर्वीकर काकांचा प्रत्यय मग आपोआप बदलेल.

आणि मास्तर, नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, तिचं नाव 'प्रश्नचिन्ह'. तुमच्या मुलांना तिच्याबद्दल सांगा. बेड्याचं वाक्य करायला पोलीस सोडून दुसरं काहीतरी मिळेल.

आर्वीकर
तितर, 'बेड्यावरचा'बद्दल तुमचं ऐकल्यावर माझा वरचा खुलासा अपुरा वाटतो. 'पुण्याचा' म्हणताना आपण गाव देतो. 'बेड्यावरचा' म्हणताना जात देतो आणि गाव काढून घेतो. 'तांड्यावरचा' आता तितकं बोचत नाही. गहुलीच्या तांड्यातला माणूस, वसंतराव नाईक, 1963 ते 1975 मुख्यमंत्री राहिला, हे त्यामागचं एक कारण असावं असं मी म्हणेन. व्याकरणाने ते झालं नसतं.

प्रवरेकाठी
नमुना आठचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. 'वस्तीवर'ची माझी तुलना इथे लागू होत नाही. भामट्याबद्दल मात्र अजून शंका आहे, शब्द एवढा रुळला आहे की लोक सोडतील असं वाटत नाही.

खेड्यातला मास्तर
लोकांचं सोडा, वर्गात तरी मी सोडतो. तक्त्यात आता आणखी एक रकाना घातला आहे: 'तिथे राहणारे स्वतः काय म्हणतात.' बेड्याचा आणि तांड्याचा भरला. वाक्यं पुन्हा लिहून घेणार आहे, या वेळी प्रत्येकाने त्या वस्तीतल्या एका माणसाला विचारून. पोडाचा रकाना अजून रिकामा आहे. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडचं कोणी इथे असेल तर कळवा.