न्यू जर्सीहून पुण्याला कायमचं परत : पैसे, सामान, मुलीची शाळा... सल्ला हवाय

परतपावली
नमस्कार मंडळी. बारा-तेरा वर्षं इकडे काढून येत्या जूनमध्ये पुण्याला कायमचं यायचं ठरलंय. सासू-सासरे कोथरूडला, दोघंही पंचाहत्तरीच्या आसपास. आमचे पासपोर्ट भारतीयच. लेक पाचवीत, जन्म इकडचा, म्हणून ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड). मराठी सगळं समजतं, बोलते मोडकंतोडकं, वाचायच्या नावाने शंख. काय आणू, काय विकू, कुठली शाळा, बँकेचं काय? ‘येऊच नका’ सोडून कुठलाही सल्ला चालेल :)

घाटमाथा
आधी पैशाचं. कायमचे आलात की एनआरई (अनिवासींचं रुपयांतलं) खातं तसंच ठेवता येत नाही. बँकेला कळवून निवासी खातं करून घ्या, किंवा डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे तर आरएफसी खातं उघडा. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मुदत संपेपर्यंत राहू शकते.
मागच्या १० आर्थिक वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल तर सुरुवातीची दोनेक वर्षं ‘आरएनओआर’ (निवासी, पण करासाठी पूर्ण निवासी नाही असा) दर्जा मिळतो. त्या काळात तिकडच्या खात्यात जमा होणाऱ्या व्याज-लाभांशावर इथे कर नाही. तिकडचे शेअर विकायचे असतील तर तेव्हाच उरका. ४०१-के (तिकडची नोकरीतली निवृत्ती-बचत) घाईने मोडू नका. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढलेत तर साधारणपणे १० टक्के दंड बसतो. आणि सीए अशा केसेस केलेलाच गाठा, सोसायटीतले ओळखीचे काका नकोत.

सोऱ्या
मिक्सर, इन्स्टंट पॉट, हेअर ड्रायर तिकडेच विका. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. ट्रान्सफॉर्मर लावू म्हणतात सगळे, पण ते धूड ओट्यावर मावत नाही, महिन्याभरात माळ्यावर जातं. लॅपटॉप-फोनचे चार्जर चालतात.
सामानापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे राहणार कुठे? म्हाताऱ्यांसाठी येताय हे छानच, पण त्यांच्याच दोन खोल्यांत घुसू नका. आमच्याकडे साडेसहाला दूधवाल्याची बेल, सातला मावशींची, मग बाबांच्या बातम्या फुल आवाजात आणि शेजारच्या खोलीत माझा ऑफिसचा कॉल. चूक कुणाचीच नाही, त्यांचंही एक बसलेलं वेळापत्रक असतं. हाकेच्या अंतरावर भाड्याने घ्या. रात्री-अपरात्री धावत जाता येतं, आणि भाजीत गूळ किती यावरून वाद होत नाहीत.

पाटीपेन्सिल
शाळेचं: सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाचं जूनमध्ये, तेव्हा प्रवेशाचं आत्ताच विचारून ठेवा. २०२०च्या कायद्याने राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीचं आहे. बाहेरून आलेल्या मुलांना काय सवलत देतात ते शाळेतच विचारा. तोवर रोज दुकानांच्या पाट्या वाचायला लावा, आमच्या पोराचं जोडाक्षरांचं घोडं तिथेच पुढे सरकलं.
आणखी एक, जे कुणी आधी सांगत नाही. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेमुळे, त्या तारखेनंतर ओसीआय कार्ड मिळालेल्या मुलांना नीट-जेईईतून एनआरआय किंवा जादाच्या जागाच मिळतात. पाचवीत हे दूरचं वाटेल, तरी नवरा-बायको बसून एकदा बोला. आधारसाठी लेकीला आधी १८२ दिवस भारतात राहावं लागेल.

परतपावली
सगळ्यांचे आभार. सोऱ्या, घराचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्पच झाला. काल फोनवर सासूबाईच म्हणाल्या, समोरच्या बिल्डिंगमधला टू बीएचके रिकामा होतोय, बघून ठेवू का? म्हणजे धास्ती तिकडेही असावी!
कोथरूड-कर्वेनगर भागात घरी येऊन मराठी वाचन-लेखन शिकवणाऱ्या बाई कुणाच्या माहितीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.