शाळेच्या दारात अडणारी मुलगी : उपचारांत पालकांनीही बसावे का?

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलेली नाही. रोज गणवेश घालते, बुटाची नाडीही बांधते आणि मग पोट धरून उंबऱ्यावरच बसते. तपासण्यांत काहीही निघालेले नाही. मानसोपचार सुरू केल्यास आम्हा दोघांनाही जावे लागते का?

उत्तर : होय, जावे. पोटदुखी हे सोंग नव्हे. भीतीमुळे ती खरोखरच जाणवते, मात्र घरी थांबल्यावर मिळणारी सुटका तीच भीती पक्की करत जाते, म्हणून आधी फाटकापर्यंत, मग एका तासिकेपुरते, असे टप्प्याटप्प्याने परतणे आखले जाते आणि सकाळच्या त्या दहा मिनिटांत काय बोलावे, हे पालकांना शिकवले जाते.

उत्तर : माझ्या मुलाचे समुपदेशन सुरू असताना मी प्रत्येक सत्रानंतर त्याला "काय बोललास?" असे विचारत असे, समुपदेशक ताईंनी मला शांतपणे थांबवले. जिवाला धोका नसेल, तर मुलाचे बोलणे सहसा गोपनीय राहते. त्याची मर्यादा पहिल्याच भेटीत समजून घ्यावी.

उत्तर : वर्गात कोणी छळत नाही ना, हे आधी पाहावे. भेटीची वेळ लांबणीवर असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.