पिकअपच्या पाठीवरचे घर आणि खालची काळी माती

वाफसा

गेल्या आठवड्यात ‘चौचाकी फिरस्ता’ यांनी आपल्या दुहेरी केबिनच्या पिकअपची तयारी सविस्तर लिहिली आणि शेवटी असे बजावले की, एवढे केल्याशिवाय मराठवाड्यात आडवाटेला मुक्कामी जाण्याचा विचारही कोणी करू नये. ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी यादी अशी: हौद्यावर पत्र्याचा बंद डबा, त्याच्या टपावर घडीचा तंबू, पुढे पोलादी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचे यंत्र), शंभर लिटरची पाण्याची टाकी, फ्रीज आणि बॅटऱ्या, मागे लटकवलेले दुसरे जादा चाक, दोन कॅन डिझेल, आणि हे सारे पेलावे म्हणून मागच्या कमानीत, म्हणजे आसावरचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, घातलेले दोन जादा पाटे.

राग खर्चाचा आलेला नाही. ज्याचे पैसे त्याचा शौक. राग याचा आला की, एवढ्या लांबलचक लेखात ‘वजन’ हा शब्द एकदाही आलेला नाही. म्हणून बेरीज मीच करतो. डबा १८०, तंबू ६०, बंपर व विंच ९५, पाणी १००, फ्रीज व बॅटऱ्या ४५, चाक ३५, डिझेल ३५, म्हणजे ५५० किलो झाले. त्यात चार माणसांचे २८० मिळवले की ८३० किलो होतात, आणि अजून पिठाचा डबा गाडीत चढलेला नाही. आता आर. सी. काढावी, त्यावरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे आणि उरलेला आकडा या ८३०च्या शेजारी मांडून पाहावा. बोलेरो कॅम्पर एक टन माल वाहण्यासाठीच बनलेली असते. खासगी नोंदणीच्या, आरामशीर दुहेरी केबिनच्या पिकअपकडून तीच अपेक्षा धरणे म्हणजे वळूला पाहून बैलाचा हिशेब करण्यासारखे आहे.

शिवाय वजन किती याच्याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे असते. अशा पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण ३.१ मीटर अंतर असते. मागच्या आसापासून एक मीटर मागे १०० किलो लटकवले, तर मागच्या चाकांवर १०० नव्हे, सुमारे १३२ किलो येतात आणि वरचे ३२ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. मग घाटाच्या वळणावर स्टिअरिंग हलके का लागते, याचे नवल वाटायला नको.

हे शहाणपण मी पुस्तकात वाचलेले नाही. काही वर्षांपूर्वी माझीही गाडी अशीच भरलेली होती. भाद्रपदात गौताळ्याच्या खालच्या अंगाला, कन्नड तालुक्यातल्या एका शिवरस्त्याच्या कडेला कपाशीच्या बांधालगत ती उभी केली. संध्याकाळी जमीन टणक होती. रात्री दोनच्या सुमारास सर आली, आणि सकाळी पाहतो तो मागची चाके आसापर्यंत रुतलेली, पुढची मात्र जवळजवळ कोरडी. टायरचे चर मातीने असे लिंपले गेले होते की चाक नव्हे, थापलेले मडके वाटावे. शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणायला साफ नकार दिला, कारण वाफसा नसताना, म्हणजे माती पुरेशी सुकलेली नसताना, तो स्वतःच्या शेतातही ट्रॅक्टर घालत नाही. तो एवढेच म्हणाला, “घर आणलंत, तर पाया बघून उभं करायचं होतं ना.” आम्ही तिथे दोन दिवस काढले. माझे ‘वाफसा’ हे टोपणनाव तेव्हापासूनचे आहे.

माझ्या मते आधी चांगले ऑल-टेरेन टायर, हवा मोजायचे यंत्र आणि हवा भरायचा छोटा पंप घ्यावा. मऊ जागी हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि निम्मी अडचण तिथेच मिटते. मग चेसिसला पक्के जोडलेले ओढायचे हुक, फावडे आणि रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या घ्याव्यात. झोपायला हौद्यात गादी आणि वर ताडपत्री पुरते. कमानीला हात लावायचा तो सर्वांत शेवटी, आणि तोही वजन करून.

चौचाकी फिरस्ता

माझा लेख वाचून आपणास राग यावा इतके महत्त्व आपण त्याला दिले, याबद्दल आभार. मात्र हौद्यात गादी टाकून झोपण्याचा सल्ला एकट्या पुरुषाने एकट्या पुरुषाला देण्यासारखा आहे. मी पत्नी आणि दोन मुले घेऊन फिरतो. किनवटच्या बाजूला जमिनीवरच्या तंबूत राहिलो असताना सकाळी धाकट्याच्या बुटात विंचू निघाला. त्या दिवशी घरात जी चर्चा झाली तिचा वृत्तांत इथे देत नाही, परंतु टपावरचा तंबू हा त्या चर्चेचा निर्णय आहे. त्याचे साठ किलो मला ठाऊक नव्हते असे नाही. ते मला मान्य होते.

पोलादी बंपरही शोभेसाठी बसवलेला नाही. रात्री अचानक रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि रेडिएटरसकट पुढचा भाग आत गेला, तेव्हा मदत मिळायला सकाळ झाली होती. ज्यांच्या गाडीपुढे अजून रोही आलेला नाही, त्यांनी बंपरच्या वजनावर प्रवचन देऊ नये.

पाण्याविषयी म्हणाल तर गावोगावी भांडे घेऊन फिरणे मला जमत नाही, म्हणून टाकी.

गोदाकाठ

आर. सी. चा उल्लेख झाला, पण कायद्याचा कोणी केला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असे बंपर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन ठरतात, हे कळवलेले आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपली यादी लांब आहे. गुणाकार आपणच करावा.

आणि रोह्याचे म्हणाल तर, पुढचा भाग आत गेला म्हणूनच आपण लिहायला शिल्लक आहात. तो चेपण्यासाठीच बनवलेला असतो. तिथे पोलाद ठोकले की धक्का थेट आतल्या माणसांपर्यंत येतो, आणि एअरबॅग उघडण्याची वेळही चुकू शकते.

पाटेवाला

मी लातूरकडे कमानींचे काम गेली बावीस वर्षे करतो आहे. लिहिण्याची सवय नाही, पण दोन पाटे वाढवण्याचा विषय निघाला म्हणून राहवले नाही.

कमान ही पाट्यांची चळत नसते. प्रत्येक पाट्याचा बाक वेगळा असतो आणि सगळे मिळून एक होऊन वाकतात. त्यात दुसऱ्या गाडीचे दोन पाटे कोंबले की भरलेली गाडी बरी चालते. पण रिकामी झाली की ती खड्ड्यात बसत नाही, उडी मारते. मग सेंटर बोल्ट तुटतो, आस सरकतो आणि गिऱ्हाईक म्हणते, मिस्त्रीने काम बिघडवले. वजन कायमचे असेल तर पूर्ण संच त्या वजनाचा बांधून घ्यावा, त्याच्या जोडीचे शॉकअप घालावेत, आणि नव्या यू-बोल्टांना थोडे फिरून आल्यावर पुन्हा पाना द्यावा. तो द्यायला शंभरात पाच जण येतात.

दुसरे म्हणजे, पाट्यांऐवजी हवेचे फुगे बसवा असा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. कमान आपला भार चेसिसवर दोन टोकांना देते. फुगा तोच भार मधे, आसाच्या वर, एका जागी देतो. त्यात मागे लटकलेले वजन असले की चेसिस तिथेच वाकते. मी वाकलेली पाहिली आहे. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वर फाकलेली आणि खाली मिटलेली दिसते. मोबाइलवर व्हिडिओ दाखवून “असेच करा” म्हणणारे पुष्कळ येतात, आणि त्यांतले निम्मे मजुरीच्या वेळी मोबाइलवरच बोलत असतात.

बालाघाट

वजन कसे उतरवायचे, या मूळ प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: पाण्याची टाकी काढून टाका. शंभर किलोंचे ओझे एका फटक्यात कमी होते. वीस लिटरचे दोन जार पुरेसे आहेत, पुढच्या गावात भरून घ्यावेत. मी येडशीच्या रामलिंगपासून नायगावच्या मोरांपर्यंत सगळा बालाघाट असाच फिरलो आहे. आपल्या भागात पाण्याला नाही म्हणणारे घर मला अजून भेटलेले नाही.

दुधनाकाठ

बालाघाट यांच्या शेवटच्या वाक्यावर मला कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. नाही म्हणणारे घर भेटत नाही, कारण आपल्याकडे दारात आलेल्याला पाणी नाकारणे हे पाप मानतात. त्या संकोचाचा फायदा घेऊन जार पुढे करायचे, याला मी भटकंती म्हणत नाही.

माझे माहेर जालना जिल्ह्यात आहे. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात गावात टँकर एक दिवसाआड येत असे, आणि आई प्रत्येक हंड्यावर झाकण ठेवून त्यावर दगड ठेवत असे. त्या दिवसांत आमच्या दारात अशीच एक सजवलेली गाडी थांबली. माणसे सभ्य होती. त्यांनी दोन जार भरून मागितले आणि आईने ते भरून दिले. पुढे ओढ्याजवळ त्यांचा मुक्काम पडला. तिथे त्याच पाण्याने ते गाडीच्या काचा धूत असताना माझ्या भावाने पाहिले. आईला आम्ही ते कधी सांगितले नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ज्या मुलखात पाणी आगगाडीतून आले, तिथे शंभर लिटर आपल्या गाडीतून नेणे जड होते असे म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते.

बालाघाट

ताई, मी आष्टी तालुक्यातला आहे. टँकर काय असतो हे मला कोणी शिकवू नये. आमच्या शाळेची घंटा टँकर आल्यावर आपोआप होत असे. मी मागतो ते चाळीस लिटर, आणि तेही जिथे हातपंपाला धार आहे तिथे. मे महिन्यात मी फिरतच नाही, कारण त्या उन्हात पत्र्याच्या डब्यात झोपणारा माणूस पर्यटक नसून पापड असतो. काचा धुणाऱ्यांचा राग माझ्यावर काढू नये.

दुधनाकाठ

राग आपल्यावर नाही, आपल्या सल्ल्यावर आहे. हातपंपाला कधी धार असते हे आपणास कळते, कारण आपण आष्टीचे आहात. पुण्या-मुंबईहून येणारा आपला सल्ला वाचेल आणि थेट मे महिन्यात येईल. सल्ला देताना महिना लिहायला हवा होता.

बालाघाट

बरे. पावसाळा ते संक्रांत असे वाचावे. आता तरी समाधान झाले असेल, अशी आशा आहे.

चौचाकी फिरस्ता

म्हणजे एवढ्या उहापोहानंतर माझी टाकी योग्यच होती, असे ठरलेले दिसते. वाफसा यांचे मत वाचायला आवडेल.

वाफसा

टाकीपुरते मी मागे घेतो, आणि तेही दुधनाकाठ यांच्या आईंमुळे, आपल्यामुळे नव्हे. पाणी न्यावे. मात्र आपण ती टाकी हौद्याच्या मागच्या फळीला, कंबरेएवढ्या उंचीवर बसवली आहे, कारण तिथे नळ हाताशी येतो. ती केबिनला खेटून, हौद्याच्या तळाशी हवी, म्हणजे तिचा भार मागच्या आसाच्या पुढे पडेल. आत दोन आडवे पत्रे हवेत, नाहीतर निम्मी भरलेली टाकी प्रत्येक उतारावर पाणी पुढे-मागे फेकते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एकाऐवजी दोनदा थांबते.

आणि शंभर किलो पाण्याला जागा द्यायची तर शंभर किलो दुसरे काही उतरले पाहिजे. विंचवाची गोष्ट मला पटते. पण मग पत्र्याच्या डब्याच्या आतच चौघांची झोपायची सोय का होऊ नये? विंचू डब्यातही चढणार नाही. गोदाकाठ यांनी बंपरचा निकाल लावलेलाच आहे. राहता राहिला तो आकडा, जो इथे अजून कोणीच मोजलेला नाही. सगळे अंदाज माझे आहेत आणि ते चुकले असतील तर मला दाखवून द्यावेत. आपल्या जवळच्या जिनिंगमध्ये भुईकाटा असेलच.

चौचाकी फिरस्ता

वाद मिटावा म्हणून आज सकाळी जिनिंगच्या भुईकाट्यावर गेलो. कापसाच्या दोन ट्रॅक्टरांच्या मधे उभा राहिलो. काट्यावरच्या मुलाने “माल काय आहे?” असे विचारले, “घर आहे,” असे सांगितल्यावर त्याने पावतीवर ‘इतर’ लिहिले.

टाकी आणि डिझेल भरलेले, गाडीत मी एकटा. एकूण वजन परवानगीपेक्षा १९० किलो जास्त भरले. पत्नी आणि मुले त्या वेळी घरी नाश्ता करत होती, म्हणजे खरा आकडा कोणता हे ज्याने त्याने समजून घ्यावे. नंतर पुढची चाके काट्याबाहेर काढून नुसती मागची मोजली. तो आकडा इथे लिहीत नाही, कारण पाटेवाले दादा वाचत असतील. त्यांना वेगळा फोन करणार आहे, आणि मजुरी आधी देईन.

वाफसा यांची बेरीज वीस किलोंनी चुकलेली आहे, हे मात्र सर्वांनी नोंदवून घ्यावे: डबा १८० नसून २०० किलोंचा आहे. बंपर आणि विंच पुढच्या रविवारी उतरवणार आहे. तंबू विकणे आहे. दोन वर्षे वापरलेला, शिवण शाबूत, वजन साठ किलो. तो उतरवून गाडी पुन्हा काट्यावर चढवली होती, त्यामुळे या आकड्यावर कोणी वाद घालू नये.