मदत हवी आहे : सेकंडहँड कॉम्प्युटरचा ‘रिकव्हरी’ ड्राइव्ह भरलाय, खरा बॅकअप कुठे आणि कसा ठेवू?

मंडळी, नमस्कार.

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आमचं टायपिंग-झेरॉक्सचं लहान दुकान आहे. मामंजींनी चालू केलं, त्यांच्या माघारी आता मी बघते. दुकानातला कॉम्प्युटर चार वर्षांपूर्वी बेळगावातून सेकंडहँड घेतलेला, कुठल्यातरी ऑफिसात वापरून काढलेला डेस्कटॉप. थर्ड जनरेशन आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क आणि विंडोज ७. नेट त्याला जोडत नाही, नेटची कामं दुसऱ्या लॅपटॉपवर करते.

या डिस्कवर सी ड्राइव्ह साधारण ४५० जीबीचा आहे आणि डी ड्राइव्ह फक्त १५ जीबीचा. डी चं नाव ‘रिकव्हरी’. गेल्या दिवाळीत मी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन बॅकअप चालू केला. कुठे ठेवायचा असं विचारलं तेव्हा यादीत डी दिसला, नावच रिकव्हरी, म्हणून तोच निवडला. आता डी ची पट्टी लाल झाली आहे, २०० एमबीसुद्धा शिल्लक नाही. रोज सकाळी चालू केलं की जागा कमी असल्याची सूचना येते. आत बघितलं तर काही फोल्डर कंपनीचे वाटतात, काही मी केलेल्या बॅकअपचे. कुठलं पुसलं तर चालेल आणि कुठलं पुसलं तर सगळं बसेल, कळेना झालंय.

नवीन विंडोज टाकून घ्या, असं दोघांनी सांगितलं. तेच मला करायचं नाही, त्याचं कारण सांगते. आमच्याकडे तालुक्याच्या ऑफिसचे अर्ज कन्नडमध्ये, त्यासाठी नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर लागतं. लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, यात्रेच्या वर्गणीच्या पावत्या मराठीत, आणि त्या सगळ्या मामंजींनी जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या. ती फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी आता वाचली जात नाही. मागे यूएसबीला लावायचं लॉक, ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही, तेवढं शाबूत आहे. म्हणजे विंडोज पुसलं तर सॉफ्टवेअर गेलं, आणि सॉफ्टवेअर गेलं तर फाईली असून नसल्यासारख्या.

त्यातच एक फोल्डर ओव्यांचं आहे. मामंजी संध्याकाळी दुकान बंद केल्यावर गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसायचे, जात्यावरच्या ओव्या ऐकून वहीत घ्यायचे आणि रात्री टाईप करायचे. वहीला वाळवी लागली. त्या बायकांपैकी आता एकच हयात आहेत, त्यांनाही आठवत नाही. आठ फाईली आहेत, त्या मला कुठल्याही परिस्थितीत घालवायच्या नाहीत.

परवा क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून डिस्क तपासली तर पिवळ्या रंगात ‘कॉशन’ आलं, रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्सच्या ओळीसमोर. मृग तोंडावर आलाय. आमच्या भागात पाऊस लागला की करंटचा भरवसा नसतो आणि विजाही फार. माझ्या यूपीएसची बॅटरी दोन मिनिटं टिकते. चालू करताना एफ-११ दाबून रिकव्हरी केली तर डी मोकळा होईल का? की बाहेरची डिस्क घेऊ? घेतली तर त्यावर नेमकं काय कॉपी करायचं म्हणजे फॉन्टच्या सॉफ्टवेअरसकट सगळं परत मिळेल? जाणकारांनी सांगावं, मी सांगाल तसं सावकाश करेन.

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, पहिली गोष्ट, एफ-११ अजिबात दाबू नका. ती रिकव्हरी म्हणजे कारखान्यातून मशीन बाहेर पडलं त्या दिवसाची अवस्था. ती चालवली की सी ड्राइव्ह पुसून तिथे कोरं विंडोज बसतं. तुमचा फॉन्ट, नुडी, ओव्या यातलं काहीही त्या कारखान्याच्या रिकव्हरीत नाही. कंपनीच्या लेखी तुमचं दुकान अजून सुरूच झालेलं नाही, असं समजा.

दुसरं, आज रात्रीच्या आत ओव्यांच्या आठ फाईली आणि त्या फॉन्टच्या फाईली एका पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्यावरही घ्या. फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. बॅकअपचं मोठं काम नंतर. आधी जे परत मिळणार नाही ते बाहेर काढा.

डी मोकळा करायला फोल्डर हाताने पुसायची गरज नाही. जिथे बॅकअप चालू केलात तिथेच ‘मॅनेज स्पेस’ आहे. त्यात ‘व्ह्यू बॅकअप्स’ उघडा, विंडोजने स्वतः केलेले बॅकअप तारखेसकट दिसतील, तिथून काढा. कंपनीच्या फाईलींना त्याने धक्का लागत नाही. मग वेळापत्रक बंद करा, नाहीतर पुढच्या आठवड्यात परत तेच. पण हे सगळं ओव्या बाहेर काढल्यावरच.

एक विचारायचं राहिलं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ अशी वेगळी ओळ असते, तिथे काय आकडा आहे?

धागाकर्ती

दादा, उपकार झाले. आठही फाईली आणि फॉन्ट दोन पेनड्राइव्हवर घेतले, लॅपटॉपमध्ये फॉन्ट टाकून एक फाईल उघडली तर अक्षरं बरोबर दिसली! मजकूर बदलायला मात्र जमत नाही, त्या सॉफ्टवेअरचा कीबोर्ड लागतो. तरी पहिल्यांदाच त्या ओव्या दुसऱ्या मशीनवर दिसल्या.

करंट पेंडिंगसमोर सगळे शून्यच आहेत.

प्रतिसाद, बेळगावहून

नमस्कार ताई. मी हार्डवेअरचंच काम करतो. पेंडिंग शून्य आहे ही चांगली बाब. रिअ‍ॅलोकेटेड म्हणजे डिस्कचे काही भाग खराब झाले आणि तिने राखीव भाग त्यांच्या जागी लावले. पेंडिंग म्हणजे सध्या जिथे वाचताना अडतंय ते. तेव्हा आज पूर्ण डिस्क वाचली जाण्याची शक्यता चांगली आहे, पण अशी डिस्क पुढे कधी बसेल याचा नेम नसतो. डिफ्रॅग (फाईलींची फेरमांडणी) करू नका, कॉपी होईपर्यंत चेकडिस्कही (डिस्कची तपासणी) नको. डिस्कला फुकटचे श्रम द्यायचे नाहीत.

तुम्हाला जे हवंय त्याला ‘सिस्टिम इमेज’ म्हणतात. नुसत्या फाईली कॉपी केल्या तर बसवलेलं सॉफ्टवेअर येत नाही, इमेजमध्ये विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, फाईली असं सगळं आहे तसं येतं. विंडोज ७ मध्येच ती सोय आहे, त्याच बॅकअपच्या पानावर डावीकडे. १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या आणि ती एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीत, फॉरमॅट केलेली असू द्या. पेनड्राइव्हवर इमेज घेता येत नाही.

त्याच पानावर ‘सिस्टिम रिपेअर डिस्क’ करायची सोय आहे, ती कोऱ्या सीडी किंवा डीव्हीडीवर लागते. तुमचा डीव्हीडी रायटर चालत नसेल तर दुसऱ्या कुणाच्या विंडोज ७ वर करून घ्या, पण तुमचं ६४ बिट असेल तर डिस्कही ६४ बिटचीच हवी. ही डिस्क नसेल तर इमेज असूनही ती परत बसवायला दार सापडत नाही. बरेच जण इथेच अडकतात, इमेज हातात असते आणि मशीन चालू होत नाही.

आता माझा आग्रह. इमेज करून थांबू नका. एक नवी एसएसडी (आत फिरणारा भाग नसलेली, वेगवान डिस्क) घ्या, जुनी डिस्क काढून ठेवा, एसएसडी लावा आणि इमेज तिच्यावर उतरवा. दोन फायदे आहेत. इमेज खरोखर चालते का ते कळेल, आणि मधेच करंट गेला तरी जुनी डिस्क बाजूला सुरक्षित असेल, काम पुन्हा पहिल्यापासून करता येईल.

एसएसडी घेताना मात्र आकडा नीट बघा. विंडोजची इमेज मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर उतरत नाही, सी मध्ये माल कितीही थोडा असो. तुमची डिस्क ५०० ची आहे, तेव्हा २५६ ची चालणार नाही आणि ४८० ची सुद्धा चालणार नाही. दुकानदार ‘४८० म्हणजे ५००च’ म्हणेल, ऐकू नका. ५१२ किंवा त्याहून मोठीच घ्या.

बाहेरची डिस्क काळ्या यूएसबी पोर्टला लावा, निळ्या नको. निळा म्हणजे यूएसबी ३, आणि विंडोज ७ कडे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो पोर्ट चालवणारं सॉफ्टवेअर, मुळात नाही. चालू विंडोजमध्ये तो टाकलेला असतो म्हणून डिस्क दिसते, पण रिपेअर डिस्कवरून चालू केलं की निळ्या पोर्टवरची डिस्क दिसत नाही आणि माणूस घाबरतो.

आणि ते यूएसबीचं लॉक जपा. त्याची कॉपी इमेजमध्ये येत नाही.

प्रतिसाद, चंदगडहून

ताई, कॉम्प्युटरचं वरच्या दोघांनी नीट सांगितलंय. मला ओव्यांबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही डिस्क बदलाल, इमेज ठेवाल, पण मदरबोर्ड गेला तर? ती इमेज दुसऱ्या मॉडेलच्या मशीनवर उतरवली तर बऱ्याचदा निळा स्क्रीन येतो, कारण ड्रायव्हर जुळत नाहीत. आणि विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं आहे, त्यामुळे त्या मशीनला नेटपासून लांब ठेवता हे बरोबरच आहे. पण ओव्या त्या एका खोक्यात कोंडून ठेवायच्या कशाला?

आधी प्रत्येक फाईलची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवलेला असतो, म्हणून कुठल्याही फोनवर अक्षर जसंच्या तसं दिसतं. पण त्यात शोधता येत नाही, कॉपी केली की परत तोच काला. म्हणून पुढचं पाऊल युनिकोडचं. जुन्या मराठी फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, तेव्हा तुमच्या फॉन्टचाच कन्व्हर्टर लागेल. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. पीडीएफ शेजारी ठेवून एकेक ओळ तपासावी लागेल. वेळ लागेल, पण आठच फाईली आहेत.

तुमच्याकडच्या आणि आमच्याकडच्या ओव्यांत शब्द सारखे असतील, काही कन्नड वळणाचे असतील. ते ‘शुद्ध’ करू नका, आहेत तसे ठेवा. तपासायला माणूस हवा असेल तर मी आहे.

धागाकर्ती, बारा दिवसांनी

सगळ्यांना सांगायचं होतं, काम झालं.

१ टीबीची डिस्क आणि ५१२ ची एसएसडी घेतली. ४८० चीच घ्या म्हणून आग्रह झाला, मी हटले नाही. यूपीएसला नवीन बॅटरी घातली. सी मध्ये ९० जीबीच्या आसपास माल होता, इमेजला पावणेदोन तास लागले. रिपेअर डिस्क आमच्या शेजारच्या गावातल्या शाळेतल्या सरांनी करून दिली.

एसएसडीवर उतरवताना पहिल्यांदा इमेज सापडलीच नाही. बाहेरची डिस्क मी सवयीने निळ्या पोर्टला लावली होती. इथलं वाचलेलं आठवलं, काळ्या पोर्टला लावली, लगेच तारखेसकट दिसली. दीड तासाने मशीन चालू झालं. लॉक लावून मामंजींचं सॉफ्टवेअर उघडलं आणि त्यांनी शेवटची केलेली सप्ताहाची पत्रिका समोर आली. ‘काकड आरती’ या शब्दावर कर्सर तसाच होता की काय असं वाटलं. मी थोडा वेळ काही केलंच नाही.

एक नवी गोष्ट कळली ती लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. विंडोज ७ ची इमेज म्हणजे आत एक व्हीएचडी फाईल, म्हणजे अख्खी डिस्क एका फाईलीत, असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘अटॅच व्हीएचडी’ करून, ‘रीड ओन्ली’ला खूण करून ती उघडली तर वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते, आतली एखादीच फाईल हवी असेल तर तेवढीच काढून घेता येते. सगळं परत उतरवायला लागत नाही. आणि नवीन इमेज घेताना जुनी राखायची असेल तर तिच्या फोल्डरचं नाव आधी बदलून ठेवायचं. वापरायच्या वेळी मूळ नाव परत द्यायचं आणि फोल्डर डिस्कच्या तोंडाशीच असू द्यायचा, दुसऱ्या फोल्डरच्या आत नाही.

जुन्या डिस्कला हात लावलेला नाही. ती आणि बाहेरची डिस्क दोन वेगळ्या घरी ठेवणार आहे, एक इथे आणि एक माझ्या माहेरी येळ्ळूरला.

चंदगडच्या दादांना पहिल्या फाईलची पीडीएफ पाठवली आहे. त्यात ‘माउली’ कुठे ‘माऊली’ आहे, कुठे ‘मावली’. दादा, मामंजी ऐकलं तसं लिहायचे, तेव्हा तिन्ही तशीच ठेवूया.

आता एकच विचारायचं आहे. आमच्याकडे आषाढ-श्रावणात भिंतींना ओल धरते, कपाटातल्या कागदांना बुरशी येते. बाहेरची डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवली तर चालेल का, आणि किती दिवसांनी काढून एकदा जोडून बघावी?