साकाईत एक सुरी तीन हातांतून जाते
जपानी सुरी एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवतो असं अनेकांना वाटतं, काही ठिकाणी असतं तसं, पण ओसाकाजवळच्या साकाईमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे लोहार पातं घडवतो आणि पाणी देतो (म्हणजे तापवलेलं पातं एकदम गार करून कडक करतो), मग ते धारवाल्याकडे जातं, मूठ बसवणारा तिसराच. एकेका कामात माणसाची अख्खी हयात जाते हो!

घडवताना मऊ लोखंडावर कडक पोलाद ठेवून भट्टीत तापवून ठोकून जोडतात, धारेला फक्त ते पोलाद येतं, म्हणून धार टिकते आणि मागच्या मऊ लोखंडामुळे पातं सहज मोडत नाही, शिवाय दगडावर घासायलाही सोपं जातं. शिरोगामी, आओगामी ही पोलादांची नावं म्हणजे पांढरा कागद आणि निळा कागद, त्यावरच्या कागदाच्या रंगावरून पडलेली, मला हे फार आवडतं.

होनयाकी नावाच्या प्रकारची सुरी मात्र अख्खी एकाच पोलादाची, पाणी देण्याआधी तलवारीसारखा मातीचा लेप लावतात आणि तरी त्यात बरीच पाती तडकतात, त्यामुळे तिची किंमत मला तरी अजिबात जास्त वाटत नाही.

घेतलीत तर प्लीज हाडांवर, नारळावर चालवू नका, धारेचे तुकडे उडतात. आणि कार्बन स्टीलची (म्हणजे स्टेनलेस नसलेली) असेल तर वापरून झाली की लगेच धुऊन पुसून ठेवा, गंजते.