‘सार्वजनिक मालकी’ आणि ‘लोकशाही नियंत्रण’ : एक शब्द कापावा का?

प्रश्न : वीजपुरवठ्यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. वीजसंस्था लोकांची असावी, आणि ती चालवण्यात लोकांचा शब्द चालावा, अशा दोन गोष्टी त्यात सतत जोडीनं येतात. मी ‘सार्वजनिक मालकी’ आणि ‘लोकशाही नियंत्रण’ असं लिहिलं. संपादक म्हणतात, अर्थ एकच, एक शब्द कापा. शिवाय यंत्रानं केलेल्या कच्च्या मसुद्यात ‘इलेक्ट्रिक युटिलिटी’साठी ‘विद्युत उपयुक्तता’ आलंय. त्याचं काय करू?

उत्तर : ‘विद्युत उपयुक्तता’ आधी खोडा. मराठीत त्याचा अर्थ वीज किती कामाची आहे, एवढाच होतो. कायद्याच्या भाषेत ‘लोकोपयोगी सेवा’ आहे, पण त्यात पाणी, रेल्वे सगळंच येतं. सरळ ‘वीजसंस्था’ लिहा.

दुसरा शब्द मात्र कापू देऊ नका. फ्रान्सची वीजकंपनी ईडीएफ १९४६ साली राष्ट्रीयीकरणातून जन्मली. पुढे तिचे काही शेअर बाजारात गेले, आणि २०२३ मध्ये सरकारनं ती पुन्हा शंभर टक्के आपल्याकडे घेतली. मालकी सार्वजनिक, यात वाद नाही. पण संचालक नेमताना वीज वापरणाऱ्याला कुणी विचारत नाही. उलट कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत वीजसंस्थेचे सात संचालक मतदार आपापल्या प्रभागातून निवडतात. ही संस्था काढायचा कौल १९२३ सालचा. खासगी कंपनीशी कोर्टकचेऱ्या करत तारा-खांब हाती येऊन वीज द्यायला १९४६ उजाडलं. म्हणजे ज्या वर्षी तिकडे सरकारनं एका कायद्यानं मालकी घेतली, त्याच वर्षी इकडे तेवीस वर्षांपूर्वीचं मतदान फळाला आलं.

आणखी एक उत्तर : ‘सार्वजनिक’ हाच शब्द फसवा आहे. सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक वाचनालय यांत तो ‘सगळ्यांना खुलं’ एवढंच सांगतो, मालक कोण ते नाही. आणि ‘सार्वजनिक उपक्रम’ म्हटलं की वाचक ‘सरकारी’ समजून मोकळा होतो. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात घरोघरी वीज देतात ते सार्वजनिक वीज-जिल्हे (वीज पुरवण्यासाठीच काढलेल्या स्थानिक संस्था), नगरपालिका आणि सहकारी संस्था. वीज-जिल्ह्यांचे संचालक मतदार निवडतात, सहकारी संस्थांचे सभासद. याला ‘सरकारी वीज’ म्हणून बघा, वाक्य लगेच खोटं पडतं.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं २०१३ च्या सार्वमतात निसटत्या बहुमतानं वीजजाळं परत घ्यायचं ठरवलं. जर्मनमध्ये यासाठी एक अखंड शब्द आहे. आपल्याकडे ‘राष्ट्रीयीकरण’ चालत नाही, कारण घेणारं राष्ट्र नाही, शहर आहे. आणि ‘नागरीकरण’ म्हणजे भलतंच. ‘शहरानं परत ताब्यात घेणं’ असं लांबच लिहावं.

तिसरं उत्तर : जमिनीच्या कागदपत्रांची मराठी यात फार तरबेज आहे. मालकी वेगळी, ताबा वेगळा, वहिवाट वेगळी. देवस्थानच्या जमिनीचा मालक देव, पण पीक काय घ्यायचं ते वहिवाटदार ठरवतो. वीजसंस्थेतही लोक असे देवासारखे कागदावर मालक राहू शकतात. म्हणून मी ‘लोकांची मालकी आणि लोकांचीच वहिवाट’ सुचवेन.

त्यावर : कल्पना झकास, पण आजच्या वाचकाला ‘वहिवाट’ म्हटलं की बांधावरची भांडणं आठवतात. ‘कारभार’ बरा. आणि ‘लोकशाहीचं नियंत्रण’ असं चुकूनही लिहू नका. षष्ठी दोन्हीकडून वाचता येते : लोकशाहीनं ठेवलेलं, की लोकशाहीवर ठेवलेलं?

प्रश्नकर्ती : आभार. आता वाक्य असं झालंय : ‘वीजसंस्था लोकांच्या मालकीची हवी आणि तिचा कारभारही लोकांच्या हाती हवा.’ दोन्ही भाग राहिले. संपादकांना ‘लोकांच्या हाती’ऐवजी ‘लोकांनी निवडलेल्यांच्या हाती’ हवंय. त्यावर आमचं अजून जुळलेलं नाही.