फिरतीच्या नोकरीत बायका पाणी कधी पितात?

प्रश्न:
मी औषध कंपनीची एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारी प्रतिनिधी. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा हा माझा पट्टा. सोबतचा सहकारी बाभळीआड गाडी लावतो, मिनिटात मोकळा होऊन येतो. मी सकाळी घोटभर चहावर निघते, बाटली उघडतच नाही. दुपारपर्यंत ओठ सुकतात, डोकं ठणकतं, आणि ओटीपोट आवळून डॉक्टरांसमोर हसत उभी राहते. लघवीचं इन्फेक्शन तर पाठच सोडत नाही. बाई असणं मला सगळ्यात जास्त इथे जाणवतं. तुम्ही काय करता?

प्रतिसाद:
ताई, मी नर्स आहे. आधी पाणी सुरू करा. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी, जंतू पटकन वर चढतात. लघवी तुंबवली की ते धुऊन जात नाहीत. वाटेतल्या दवाखान्यात नर्सला विचारा, नाही म्हणणार नाही.

प्रतिसाद:
पेट्रोल पंपावर बिनधास्त स्वच्छतागृहाची चावी मागा. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' (लघवीचा हक्क) मोहिमेतल्या बायका स्वच्छतागृहांचा हक्क असाच मोठ्याने मागतायत.

प्रश्नकर्ती:
चावी मागितली की चारजण वळून बघतात, पाळीत तर अंगावर काटा येतो. तरी उद्या मागतेच. नर्सताई, दिवसाला किती पाणी?